अण्णांच्या बुलेटची चाकं
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकानं पंधरा मिनिटं बोलायचं, पण नोकरीबद्दल नाही. कोण कुठे आहे, किती वर्षं परदेशात होता, मुलं काय करतात, हे सगळं व्हॉट्सॲपवर झालेलं आहे. तेव्हा मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, एवढं सांगून तो विषय संपवते आणि आमच्या अण्णांच्या बुलेटकडे वळते.

ही बुलेट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाऊस असला की अण्णा मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि प्रार्थना चालू असेल तर त्या आवाजात प्रार्थनेचं एक कडवं बुडायचं. अण्णा पशुसंवर्धन खात्यात होते. पाटण तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जनावरं बघायला त्यांना जावं लागायचं. गाडी १९७२ सालची, मद्रासच्या एनफील्ड कारखान्यातली, साडेतीनशे सीसीची. अण्णांनी ती १९८६ साली लिलावात जुनीच घेतली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजच्या मुलांना ही गाडी दिली तर ती ब्रेक समजून गिअर टाकतात.

२०२३ च्या दिवाळीत माझा मुलगा अठरा वर्षांचा झालेला, हातात नवं लायसन्स. आजोबांनी नातवाला आठ दिवस मैदानात उजव्या पायाचा गिअर शिकवला आणि मग दोघं मसूरला जाऊन येतो म्हणून निघाले. मुलगा पुढे, अण्णा मागे. येताना मागच्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला, मग आणखी एक, आणि गाडी मागून साप चालावा तशी हलायला लागली. मागून अण्णा म्हणाले, “ब्रेक दाबू नकोस. गॅस सोड आणि हँडल सरळ धर.” मुलानं ऐकलं. गाडी हळू होत रस्त्याच्या कडेला थांबली. मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या. पाठीमागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, तो बाजूनं निघून गेला.

दोघं घरी आले तेव्हा हसत होते. मी हसू शकले नाही. मुलगा आणि वडील एकाच गाडीवर होते.

त्या रात्री जेवताना घरात तीन पक्ष पडले. अण्णा म्हणाले, “तीन तारा गेल्यात, तीन घाल. एवढं काय?” माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला, “आता अलॉयची चाकं बसवायची, ट्यूबलेस टायर घालायचे, विषय संपला.” आई म्हणाली, “गाडीच विकून टाका.” मी इंजिनिअर, म्हणून निकाल माझ्याकडे आला. आणि मला कळलं, की या चाकाबद्दल मला फार थोडं माहीत आहे.

आधी आईच्या म्हणण्याबद्दल. विकायची नसेल, तर निदान शोभेची ठेवा, असंही एक मत होतं. २०२१ पासून केंद्र सरकारचा नियम आहे: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झाली आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आमची गाडी त्यात बसत होती. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे मलकापूरला दूध आणायला न्यायची नाही?” नाही, म्हटलं. “मग ती गाडी कशाला म्हणायची?” तो विषय तिथेच संपला. गाडी चालणार हे ठरलं. म्हणजे चाकं भरवशाची हवीत, हेही ठरलं.

मग दादाचं म्हणणं. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं अजिबात नव्हतं. तारांच्या चाकाच्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूब फाटली की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते, सावरायला वेळ मिळतो. हा फायदा खरा आहे. पण अलॉयचं चाक हबसकट एकसंध ओतलेलं असतं. म्हणजे आमचा मूळ हब जाणार, आणि बेअरिंग, ब्रेकचा ड्रम, मागच्या हबातले धक्का खाणारे रबर, हे सगळं नव्यानं जुळवावं लागणार. ब्रेक आणि चेनची रेघ बिघडवून मिळवलेली सुरक्षितता मला नको होती. शिवाय खड्ड्यात आपटलं तर तारांचं लोखंडी चाक वाकतं, आणि वाकलेलं बरेचदा सरळ करता येतं. ओतीव चाकाला तडा गेला तर ते टाकूनच द्यावं लागतं. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. आणि अण्णांची गाडी पन्नासच्या वर जात नाही. दादाला हे पटायला दोन दिवस लागले. आजही तो म्हणतो, “तुझं तू बघ.”

राहिलं अण्णांचं म्हणणं, तीन तारा घाल. ते खोडायला मला एक शब्दही बोलावा लागला नाही. टायर उतरवला, ट्यूब काढली, रिमवरची रबरी पट्टी काढली. बाहेरून क्रोम अजून चकाकत होतं. आतून रिम गंजून पापुद्रे सुटलेली. क्रोमचा मुलामा बाहेर चांगला चढतो, आतल्या बाजूला कमीच. निपलच्या भोकांतून पाणी आत जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच मुरतं. दोन भोकांपासून केसासारखे बारीक तडे गेले होते. अण्णांनी भिंग आणायला सांगितलं, बराच वेळ बघितलं, आणि भिंग पुसून खिशात ठेवलं. “नवी आण,” एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, “पोरगं बसलं होतं हिच्यावर.”

आता नवी रिम निवडायची. इथे मी जी चूक केली ती सांगते, कारण ती आपल्या धंद्यातल्या सगळ्यांची आवडती चूक आहे. टायरवर ३.२५-१९ असं लिहिलेलं होतं. मी फोनवर ‘बुलेट, १९ इंच’ असं शोधलं, फोटो बघितला, ऑर्डर टाकली. चार दिवसांत रिम घरी. तारा ओवायला बसले, तर हबाला भोकं चाळीस आणि रिमला छत्तीस. दुकानदाराची चूक नव्हती. खाली बारीक अक्षरात छत्तीस लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

मग नीट अभ्यास केला. तोच तुम्हाला थोडक्यात सांगते. कुणाच्या घरी वडिलांची जावा, येझदी, राजदूत पडून असेल, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, व्यास. टायरवरचा शेवटचा आकडा म्हणजे रिमचा व्यास, आमचा १९ इंच. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि बरेच जण इथेच थांबतात.

दुसरी, रुंदी. जुन्या रिमवर शिक्का असतो, आमच्या रिमवर ‘डब्ल्यूएम२-१९’ असा होता. डब्ल्यूएम२ म्हणजे दोन्ही कडांच्या आतलं अंतर १.८५ इंच, साधारण ४७ मिलिमीटर. त्याच्या पुढची डब्ल्यूएम३ ही २.१५ इंचांची. रिम जास्त रुंद घेतली की अरुंद टायर दोन्ही बाजूंना ताणला जातो आणि त्याचा वरचा गोलवा सपाट होतो. मोटारसायकल वळताना टायरच्या गोलव्यावरच झुकते. म्हणून टायरच्या मापालाच रिम घ्यायची, दिसायला दणकट म्हणून रुंद घ्यायची नाही.

तिसरी, भोकांची संख्या. हबाची मोजा, मग रिमची मोजा. दोनदा मोजा.

चौथी गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती शनिवार पेठेतल्या आमच्या सायकल मिस्त्रींनी दाखवली. दुसरी रिम मी मोजून-मापून आणली: १९ इंच, डब्ल्यूएम२, चाळीस भोकं. मिस्त्रींनी ती हातात घेतली, एका भोकात पेन्सिल घातली आणि म्हणाले, “ताई, ही आपल्या हबाची न्हवं.” पेन्सिल ज्या दिशेला तिरकी उभी होती, त्या दिशेला आमच्या हबाचं भोक येतच नव्हतं. रिमची भोकं सरळ पाडत नाहीत. कोणत्या हबासाठी, तारा किती वेळा एकमेकींना ओलांडणार, त्याप्रमाणे त्यांचा कल ठरतो. कल चुकला तर तार निपलच्या तोंडाशी वाकते आणि वाकलेल्या जागी महिन्या-दोन महिन्यांत तुटते. चाक मात्र बांधून होतं, दिसायला झकास दिसतं! ती रिमही परत गेली.

पाचवी, धातू. ॲल्युमिनियमची रिम हलकी, गंजत नाही. पण रूप बदलतं आणि तीही आमच्या हबाच्या कलानं भोकं पाडलेलीच मिळायला हवी. आम्ही क्रोमची लोखंडीच घेतली, पुण्यात नाना पेठेत, जुना हब पिशवीत घालून नेऊन. हब आणि पेन्सिल घेऊन दुकानात उभी राहिलेली बाई म्हणून मला तिथे आता ओळखतात. बांधण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. तारा स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, पण निपल पितळेचे, वर मुलामा दिलेले. स्टेनलेसच्या आट्यावर स्टेनलेसचाच निपल आवळला तर दोन्ही एकमेकांत घासून जाम बसतात. पितळ मऊ असल्यामुळे पाच वर्षांनीही पाना फिरतो.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी करायची. जुनं चाक सोडण्यापूर्वी रिम हबाच्या कुठल्या बाजूला किती सरकलेली आहे ते मोजून लिहून ठेवायचं, फोटो काढून ठेवायचे. रिम नेहमी हबाच्या बरोबर मध्यावर असतेच असं नाही. ती अशी बसवायची, की गाडीत घातल्यावर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येईल. मी हे मोजलं होतं, त्याबद्दल मिस्त्रींनी मला शंभरपैकी पस्तीस गुण दिले.

चाक बांधायला त्यांनी मलाच बसवलं. स्वतः स्टुलावर बसून चहा पीत होते. चाळीस तारा: वीस या बाजूच्या, वीस त्या बाजूच्या, त्यातल्या निम्म्या हबाच्या आतून, निम्म्या बाहेरून. आधी सगळे निपल सारखे आटे फिरवायचे. मग चाक फिरवून वर-खाली होणारा उंचवटा काढायचा, मग डावी-उजवीकडचा आऊट काढायचा, मग पुन्हा उंचवटा, कारण एक काढताना दुसरा येतो. पहिलं चाक बांधायला मला पूर्ण दिवस लागला. संध्याकाळी मिस्त्रींनी शेजारशेजारच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या. कट-कट आवाज आले आणि चाक पुन्हा आऊट झालं. मला रडू येणार होतं. ते म्हणाले, “आत्ता बसल्या तारा आपापल्या जागेला. रस्त्यावर बसण्यापरीस इथं बसलेल्या बऱ्या.” शेवटी निपलमधून वर आलेली तारांची टोकं कानशीनं घासली, नाहीतर तीच ट्यूबला भोक पाडतात.

आता मी विज्ञानाच्या सरांकडे येते. सर पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून जरा भीत भीत.

सर, नववीत आपण वर्गात सायकलचं चाक आणलं होतं. आपण विचारलं होतं, की सायकलवर बसलेल्या माणसाचं वजन कुठल्या तारा पेलतात? मी हात वर केला आणि म्हणाले, खालच्या. वर्ग हसला. आपण म्हणालात, “एवढी बारीक तार खांबासारखी उभी राहील का? वाकून जाईल. हब वरच्या तारांना लटकलेला असतो.” मला ते पटलं आणि मी खाली बसले. तीस वर्षं मी तेच खरं धरून चालले होते.

मिस्त्रींच्या दुकानात निपलच्या पान्यानं तारांवर हलकेच टकटक करून ताण ओळखतात. ताणलेली तार ‘टिण्’ वाजते, सैल तार ‘थड्’ वाजते. मला आपला प्रश्न आठवला. दुकानात एक सायकल दुरुस्तीला आलेली होती. तिच्या मागच्या चाकाची सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तार मी वाजवून ठेवली, फोनवर आवाज घेतला. मग मुलाला सीटवर बसवलं आणि त्याच तारा पुन्हा वाजवल्या. वरच्या तारेचा सूर जवळजवळ तोच राहिला. खालच्या तारेचा सूर स्पष्ट उतरला.

सर, वजन पडल्यावर बदल झाला तो खालच्या तारांमध्ये. त्या खांबासारख्या उभ्या राहत नाहीत, हे आपलं म्हणणं बरोबर. पण चाक बांधतानाच सगळ्या तारा जोरात ओढलेल्या असतात, वरच्या हबाला वर ओढतात, खालच्या खाली. वजन आलं की जमिनीजवळ रिम किंचित दबते, खालच्या दोन-चार तारांची ओढ कमी होते, आणि खालची ओढ जेवढी कमी झाली तेवढं वजन पेललं जातं. नंतर शोधलं, तर जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरनं १९८१ साली सायकलच्या चाकावरच्या पुस्तकात हेच सविस्तर मांडलेलं सापडलं. तेव्हा सर, आपलं उत्तर अर्धं बरोबर होतं आणि माझंही अर्धं. नववीच्या त्या अर्ध्या गुणाचं काय करायचं ते आपण ठरवा.

पण हे मी गुणासाठी सांगत नाही. त्या दिवशी मसूरच्या रस्त्यावर तारा का तुटल्या, ते मला यातून कळलं. माझी समजूत होती, की फार ताणलेली तार तुटते. बहुतेक वेळा उलटं असतं. तार सैल असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती खाली आली की पूर्ण ढिली पडते आणि वर गेली की पुन्हा ओढली जाते. हजारो वेळा असं हिसके खाऊन ती हबाजवळच्या वाकात थकते आणि तुटते. एक तुटली की तिचा भार शेजारणींवर. चांगली ओढलेली तार खाली आल्यावरही थोडी ओढलेलीच राहते, म्हणून टिकते. आमच्या गाडीच्या तारा सैल होत होत्या आणि आम्ही वर्षानुवर्षं फक्त वरचं क्रोम पुसत होतो. अण्णा पूर्वी दर महिन्याला पाना घेऊन तारा वाजवायचे. हाताला कंप आल्यापासून ते बंद झालं होतं. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी पुण्याहून महिन्यातून एकदा फोनवर विचारायचे, “अण्णा, सगळं ठीक?” आणि ते म्हणायचे, “ठीक.”

दोन्ही चाकं बांधून झाली. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर मिस्त्रींनी गाडी परत बोलावली होती. मागच्या चाकात तीन तारा सैल निघाल्या, त्या ओढल्या. त्यानंतर सैल झालेल्या नाहीत. मला कसं माहीत? मी आता महिन्यातून एकदा फोन न करता कराडला येते. अण्णा खुर्चीत बसतात, मी पाना घेऊन तारा वाजवते. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण ही गोष्ट ऐकू येते. “मागं जा. ती नव्हे, तिच्या आधीची,” असं खुर्चीतून सांगतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

अण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. स्वतः चालवत नाहीत. नातू सुट्टीत आला की मागे बसून मलकापूरला दूध आणायला जातात. जुन्या दोन रिम भंगारात घालू दिल्या नाहीत. एक परसात उभी पुरली आहे, तिच्यावर आईनं कारल्याचा वेल चढवलाय. दुसरी कशासाठी ठेवली आहे ते सांगत नाहीत.

आज सकाळी मी आणि मुलगा गाडी घेऊनच आलो. सायकल स्टँडजवळ, चिंचेखाली लावली आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्याला बघायची असेल त्यानं बघावी, पण गिअर उजवीकडे आहे हे लक्षात ठेवा आणि अण्णांची परवानगी घ्या, ते तिथेच खुर्ची टाकून बसले आहेत. सर, निपलचा पाना मी पर्समध्ये आणलाय. आपण एकदा खालची तार वाजवून बघावी, मग नातवाला गाडीवर बसवू आणि पुन्हा वाजवू.